समुद्राची शाळा अकरा ते पाच भरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो आणि पुढचे दोन-तीन महिने कोकणातल्या प्रत्येक नावाजलेल्या किनाऱ्यावर एसटीच्या गाड्यांची रांग लागते. महामंडळ शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. परवानगीच्या कागदावर ‘शैक्षणिक सहल’ असे लिहिलेले असते. किनाऱ्यावर उतरल्यावर मुलांच्या वाट्याला येते ते गुडघाभर पाणी, उंटाची फेरी आणि भेळ. त्यात वाईट काही नाही, मुलांनी मजा करावीच. पण ज्या समुद्रासाठी साताऱ्याहून किंवा नगरहून इतका प्रवास केला, त्यातला एकही जिवंत प्राणी न बघता पोरे परत जातात. याचे कारण दरवेळी पैसा नसतो, तज्ज्ञांची वानवाही नसते. बहुतेक वेळा सहलीची तारीख आणि वेळच चुकलेली असते.

किनाऱ्यावरचे जीवन बघायचे तर खडक उघडा पडायला हवा, आणि तो नीट उघडा पडतो उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमी-नवमीला भांग असतो; तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, भांगाला तो दीड-दोन मीटरवर येतो. दक्षिणेकडे जावे तसा तो आकसत जातो. मालवण-गोव्याकडे उधाणालाही दोन-सव्वादोन मीटरच.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब असा: तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. हा हिशोब सूर्याच्या वेळेचा आहे. आपले घड्याळ मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे पुढे चालते, म्हणून अर्धा-पाऊण तास वर धरायचा. म्हणजे अष्टमीची ओहोटी साडेबारा-एकच्या सुमारास. शाळेच्या वेळापत्रकात चपखल बसणारी! सकाळी निघालेली गाडी बाराला पोचते, पाणी जरा ओसरलेले दिसते, सगळे खूश. पण ती भांगाची ओहोटी. खडकाचा फक्त वरचा, उन्हाने तापलेला पट्टा उघडा असतो, त्यावर बार्नाकल (खडकाला घट्ट चिकटलेले बारीक कवचधारी प्राणी) आणि चार गोगलगायी. मुले दहा मिनिटांत कंटाळतात आणि पाण्याकडे वळतात. मुंबई-कोकणात भर दुपारची ओहोटी ही नेहमी भांगाचीच असते, आणि पौर्णिमेला-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास समुद्र काठोकाठ भरलेला असतो. भर दुपारी समुद्र शिकवायचा म्हटले तर एक तर खडकाचा वरचा पट्टाच उघडा मिळणार किंवा पाणी सर्वांत चढलेले मिळणार.

मग जायचे कधी? दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळची ओहोटी सकाळच्यापेक्षा बहुधा खोल जाते. पण ऐन पौर्णिमेला ती सहाच्या पुढे असते आणि तोवर सूर्य बुडालेला असतो. म्हणून या दोन महिन्यांत त्रयोदशी-चतुर्दशी बरी: पाणी साडेचार-पाचला तळाला जाते, मुलांनी तीनला किनाऱ्यावर उतरायचे, सव्वापाचला वर यायचे. फेब्रुवारी-मार्चकडे दोन ओहोट्यांतला फरक कमी होत जातो. तेव्हा प्रतिपदा ते तृतीया या दिवसांची सकाळ साधावी, पाणी साधारण सात ते साडेआठच्या दरम्यान तळाला असते. त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम हवा, किंवा शाळा दीड-दोन तासांच्या अंतरावरची हवी. आमच्या मते सातवी ते नववीच्या वर्गांसाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा-तीन आठवडे हा वर्षातला सर्वांत चांगला काळ. परीक्षा अजून अंगावर आलेल्या नसतात, समुद्र शांत असतो, ऊन सोसण्यासारखे असते.

तिथीवरून दिवस निवडावा, वेळ आणि उंची मात्र तक्त्यावरूनच घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर बंदरनिहाय अंदाज फुकट मिळतात. उंच लाटांचा इशाराही तिथेच असतो. तो सहलीच्या आदल्या संध्याकाळी बघणे सक्तीचे समजावे. तक्त्यातला ओहोटीचा आकडा जितका लहान तितका खडक जास्त उघडा. मुंबई-अलिबागकडे तो ०.७ मीटरच्या वर असेल तर दिवस बदलावा.

जागा आधी बघून येण्याला पर्याय नाही, आणि तीही तशाच ओहोटीला. मागच्या पक्षातली तीच तिथी धरली तर पाणी जवळपास त्याच वेळी उतरलेले सापडते. शिक्षकाने तेव्हा तीन गोष्टी बघायच्या: खडकावर उतरण्या-चढण्याची वाट, वर येताना मधे कुठे घळ भरते का, आणि गाडीपासून पाण्यापर्यंत चालायला लागणारा वेळ. घळीचे महत्त्व कागदावर कळत नाही. पुढे खडकाचा उंचवटा आणि मागे, किनाऱ्याच्या बाजूला, खोलगट जागा अशी रचना कोकणात जागोजागी आहे. पाणी वळले की ते आधी मागच्या खोलगटात शिरते आणि माणसे उंचवट्यावर अडकतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. स्थानिक कोळी किंवा गाबीत बांधवाला अशा घळी तोंडपाठ असतात. त्याला मानधन देऊन बरोबर घ्यावे आणि सहलीच्या खर्चात ती रक्कम धरावी. चहा पाजून बोळवण करू नये.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे मुलांना वर्गातच आकडेमोडीने शिकवता येते. ओहोटी ते भरती या सहा तासांत एकूण चढ बारा भाग धरला तर दर तासाला साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. फरक ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३० सेंटीमीटर, आणि तिसऱ्या तासात ९०. पहिल्या तासाच्या शांतपणावर विसंबून राहिलेले लोक तिसऱ्या तासात सापडतात. म्हणून नियम सोपा ठेवावा: तळाच्या वेळेच्या दीड तास आधी उतरायचे, ओसरणाऱ्या पाण्यामागे खाली जायचे, आणि तळाची वेळ झाल्यावर पंधरा मिनिटांत पाठ फिरवायची. काम अर्धे राहिले तरी.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. अशी घटना घडली की ‘समुद्रावर सहल नको’ असा सूर लागतो आणि काही काळाने तो विरतो. पाण्यात पोहायला उतरणे आणि ओहोटीला खडकावर अभ्यास करणे यांतला फरक परवानगी देणाऱ्यांनी ओळखायला हवा. अभ्याससहलीत कोणीही घोट्याच्या वर पाण्यात जात नाही, आंघोळीचा कार्यक्रम त्याच दिवशी ठेवायचाच नाही. ‘आधी अभ्यास, मग डुबकी’ असे आमिष दाखवले की मुलांचे लक्ष पहिल्या मिनिटापासून डुबकीकडे लागते आणि शिक्षकही घाई करतात.

गट आठ मुलांचा, प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस. चाळीसच्या वर मुले एका वेळी खडकावर नकोत. गाडीत पन्नास असतील तर शिक्षकांची संख्या वाढवून भागत नाही, कारण चाळिसांच्या पुढे पायाखाली खडकच चिरडायला लागतो. उरलेल्यांना वाळूवर वेगळे काम द्यावे, ते पुढे सांगतो. गटात दोघे मोजणारे, दोघे तेच दुसऱ्यांदा मोजणारे, एक लिहिणारा, दोघे पट्टी आणि नळी धरणारे, आणि एकाचे काम फक्त समुद्राकडे तोंड करून उभे राहण्याचे. ही शेवटची जबाबदारी दर पंधरा मिनिटांनी बदलावी. पायांत पट्ट्याची घट्ट सँडल किंवा कॅनव्हासचे जुने बूट. चप्पल नको आणि अनवाणी तर मुळीच नको. कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या लागतात आणि ओल्या हिरव्या शेवाळावर चप्पल उभीच राहत नाही.

आता खरे काम. लागते ती एक चौकट आणि एक नळी. चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची: चार तुकडे, चार एल्बो, आतली बाजू बरोबर ५० सेंटीमीटर. पाइपात आधी वाळू ठासून भरावी, नाहीतर चौकट डबक्यात तरंगते. प्रत्येक बाजूला ५, १५, २५, ३५ आणि ४५ सेंटीमीटरवर बारीक भोके पाडून त्यांतून रंगीत नायलॉनची दोरी ओवली की आडव्या-उभ्या पाच-पाच दोऱ्या होतात आणि २५ छेदनबिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूखाली काय आहे एवढेच लिहायचे: बार्नाकल, कालव, गोगलगाय, शेवाळ, स्पंज, रिकामा खडक, वाळू. एक बिंदू म्हणजे ४ टक्के. गुणाकार करायला कोणी अडत नाही.

बऱ्याच ठिकाणी बिंदूंऐवजी चौकोन मोजायला लावतात, ‘अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरा’ असे सांगून. त्यात गोची अशी की विरळ पसरलेले बार्नाकल कुठल्याच चौकोनात अर्ध्याच्या वर नसतात, आणि खडकाचा पाचवा भाग व्यापूनही त्यांची नोंद शून्य होते. बिंदूंच्या पद्धतीत ही चूक होत नाही. मात्र डोळा बिंदूच्या बरोबर वर हवा. तिरके बघितले की दोरीखालचा प्राणी बदलतो. दोन जोड्यांचे आकडे १२ टक्क्यांहून जास्त, म्हणजे तीन बिंदूंपेक्षा अधिक, वेगळे आले तर पुन्हा मोजावे. चौकट फेकू नये. ‘कुठेही टाका’ म्हटले की मुले ती मजेदार दिसणाऱ्या जागी टाकतात, आणि फेकलेली चौकट एखाद्याच्या नडगीवर बसते. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत एक दोर ताणावा, त्यावर दर मीटरला रंगाची खूण असावी, आणि दर पाच मीटरला दोराच्या उजव्या हाताला चौकट ठेवावी. जागा दोर ठरवतो, मुले नाही. एका चौकटीला पाच-सहा मिनिटे लागतात. पस्तीस मीटरच्या दोरावर एका गटाचे काम तासाभरात आटोपते.

नळी म्हणजे गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, दहा मीटर. पाणी भरून दोन्ही टोके दोन मीटरपट्ट्यांना लावायची आणि पट्ट्या लगतच्या दोन चौकटींपाशी उभ्या धरायच्या. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीच्या वाचनातला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. दोन चुका हमखास होतात. नळीत हवेचा बुडबुडा राहतो. तो राहिला की वाचन काही सेंटीमीटरने चुकते, म्हणून भरताना नळी सावकाश भरावी आणि टिचकी मारून बुडबुडे वर काढावेत. दुसरी चूक अंगठ्याची. चालताना पाणी सांडू नये म्हणून दोन्ही टोके अंगठ्याने दाबायची असतात, पण वाचताना दोन्ही अंगठे उचलावे लागतात. एकाने विसरून दाबून ठेवला तर पाणी हलतच नाही आणि वर-खाली असलेल्या दोन जागा एका पातळीत असल्याचे दिसते. उतरत्या खडकावर सलग तीनदा ‘फरक शून्य’ असे वाचन आले की अंगठे तपासावेत.

तळाच्या मिनिटाला पाण्याची कड कुठे आहे तिथे खूण करावी. चार-पाच लाटांची सरासरी धरावी. त्या कडेची उंची म्हणजे तक्त्यातला त्या दिवसाचा आकडा, समजा ०.४ मीटर. तिथून नळीने वर मोजत गेले की प्रत्येक चौकटीची उंची मीटरमध्ये मिळते. शाळेत परतल्यावर आडव्या अक्षावर उंची आणि उभ्या अक्षावर टक्केवारी घेऊन आलेख काढला की पट्टे दिसायला लागतात: सर्वांत वर मिरीच्या दाण्याएवढ्या लिटोरिना गोगलगायी, त्याखाली बार्नाकल, मग कालवे, त्याखाली झोअँथिडचे (समुद्रफुलांसारख्या, दाटीने वाढणाऱ्या मऊ प्राण्यांचे) गालिचे आणि शेवाळ, आणि अगदी तळाला स्पंज, समुद्रफुले, नशीब असेल तर रंगीत समुद्री गोगलगाय किंवा खडकाच्या फटीत बसलेला लहानसा ऑक्टोपस. कोणता प्राणी कुठल्या उंचीला थांबतो आणि का, हा प्रश्न मग मुले आपणहून विचारतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नाकलच्या दोन जातींवर केलेला अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. वरच्या जातीची वरची मर्यादा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची मर्यादा दुसरी जात जागा बळकावून ठरवते, असे त्यात दिसले. आपल्या बेसॉल्टवर काय होते, हे तपासायला आठवीच्या वर्गाला काहीच अडचण नाही. त्यासाठी एकच जागा वर्षानुवर्षे धरून राहावी लागते. दरवर्षी नवा किनारा निवडणाऱ्या शाळेला मागच्या वर्षीच्या आकड्यांचा काही उपयोग होत नाही.

लिहायला पेन्सिलच. शाईचे पेन ओल्या कागदावर फुटते, मोबाइल ओल्या बोटांनी चालत नाही. पेन्सिल दोरीने पुठ्ठ्याला बांधावी, नाहीतर पहिल्या डबक्यात जाते. फोटो शिक्षकाच्या फोनवर काढून ‘आयनॅचरलिस्ट’ या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर शिक्षकाच्याच खात्याने चढवावेत, लहान मुलांची खाती उघडू नयेत. जातीचे नाव नंतर मिळते. खडकावर उभे राहून नावासाठी अडून बसू नये.

डबक्यांत तापमान मोजण्याजोगे असते. अल्कोहोलचा तापमापक घ्यावा, पाऱ्याचा फुटला तर डबके वाया जाते. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर स्ट्रॉच्या एका टोकाला माती-मेणाची गोळी लावून तरंगमापी बनवता येते. एक लिटर गोड्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून ‘समुद्राची’ खूण करायची आणि साध्या पाण्यात ‘शून्याची’. उथळ डबके उन्हात तापून समुद्राहून खारट होते आणि खाडीच्या तोंडाशी पाणी कमी खारट असते, हे एवढ्या साधनाने कळते. रंग बदलणाऱ्या पट्ट्यांनी आम्लता मोजण्याच्या भानगडीत पडू नये; समुद्राच्या पाण्यातला फरक त्या पट्ट्यांच्या एका रंगात मावतो.

प्राण्यांना हात लावण्याबाबत आमचे मत कडक आहे. दगड उचलायचा तो एका हाताने उचलता येईल एवढाच, आणि बघून झाल्यावर होता तसाच, त्याच बाजूने, त्याच जागी ठेवायचा. खालची बाजू वर राहिली तर तिथले स्पंज आणि किडे उन्हात वाळून मरतात आणि वरचे शेवाळ अंधारात कुजते. एका सहलीत चाळीस मुलांनी दोन-दोन दगड उलटे टाकले तर तो खडक पुढची कित्येक वर्षे अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये प्राणी ठेवायचा तर त्याच डबक्यातल्या पाण्यात, सावलीत, पाच मिनिटे. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. खेकडा आणि मासा एका ट्रेमध्ये ठेवू नयेत. खेकडा जेवायला बसतो. सनस्क्रीन किंवा सॅनिटायझर लावलेले हात आधी समुद्राच्या पाण्यात धुतल्याशिवाय डबक्यात घालू नयेत.

काही गोष्टींना हात लावायचाच नाही. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख: त्याला विषारी बाण असतो, आणि मुलांना नेमका तोच खिशात घालावासा वाटतो. झोअँथिडच्या काही जातींत तीव्र विष असते; चुकून हात लागला तर डोळे चोळू नयेत, हात धुवावेत. वाळूमिश्रित उथळ पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, दबा धरून असते. २०१३ साली गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कित्येकांना तिचे डंख बसले होते. अशा पाण्यातून जावेच लागले तर पाय उचलून टाकू नये, वाळूवर घासत न्यावा; पाकट आधीच निघून जाते. प्रथमोपचाराच्या पेटीबरोबर गरम पाण्याचा थर्मास न्यावा. पाकटीच्या डंखावर सोसेल इतके गरम, साधारण ४५ अंशांचे पाणी वेदना उतरवते. ते आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर बघावे, आणि मुलाला दवाखान्यात न्यावे. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. सर्वांत जास्त होणारी इजा मात्र कालवाच्या काठाने कापण्याची. साबण आणि स्वच्छ पाण्याने धुऊन शिंपल्याचे कण काढावेत, पट्टी लावावी, धनुर्वाताच्या लशीची नोंद बघावी.

किनाऱ्यावरून काही नेऊ नये हे सांगण्यात निव्वळ भावना नाही. प्रवाळ, समुद्रकाकडी आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि प्रवाळ फक्त मालवणला असते असेही नाही. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी, २०२० साली, तिथली प्रवाळे हलवावी लागली होती. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालचे आहे. तिथे स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय टेकून उभी राहणारी शाळकरी मुले हे सहल आखणाऱ्यांचे अपयश आहे. ज्याला पाण्यावर तरंगता येत नाही त्याला त्या खेळात उतरवू नये.

वाळूवर थांबलेल्या गटासाठी एक काम सांगतो म्हटले होते. भरतीच्या रेषेवरचे शंभर रिकामे शिंपले गोळा करायचे आणि त्यांतल्या किती शिंपल्यांना गोल, कडेला उतरते, जणू ड्रिलने पाडलेले भोक आहे ते मोजायचे. ती भोके नॅटिका नावाच्या शिकारी गोगलगायीने पाडलेली असतात. ती शिंपला पोखरून आतला जीव खाते. भोक शिंपल्याच्या बिजागरीजवळ आहे की कडेला, हेही नोंदवावे. एका तासात शिकारीचे प्रमाण हातात येते. शिंपले तिथेच टाकून यायचे. मऊ पोटाचा शंखातला खेकडा रिकाम्या शंखावरच जगतो.

आणि भांगाच्याच दिवशी, भर दुपारी जायची वेळ आली, जी विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांवर हमखास येते, तर खडकाचा हट्ट सोडावा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवनाचा अभ्यास होतो. तिवराच्या पानावर साठलेले मीठ जिभेला लागते, चिखलातून वर आलेली श्वसनमुळे हीच चौकट दोऱ्या काढून ठेवून मोजता येतात, निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारताना दिसतात. पांढरी चिपी हा आपला राज्य कांदळवृक्ष २०२० साली ठरला, तो तिथे ओळखायला शिकवावे. रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. मिरकरवाडा बंदरावर, कोळणींची परवानगी घेऊन, २०२३ साली राज्यमासा झालेल्या पापलेटची वीस मापे पट्टीने घेतली तरी मुलांना काही तरी हातात मिळते. कासव महोत्सवांना, वेळास-आंजर्ल्याला, दोनशे मुले एकदम नेऊ नयेत. पिल्ले सोडताना मागच्या रांगेतल्या मुलाला पुढच्याची पाठ दिसते आणि फ्लॅश मारणाऱ्यांना आवरता येत नाही.

शिक्षण विभागाकडे आमचे मागणे मोठे नाही. किनारी भागातल्या सहलीच्या परवानगी अर्जात चार रकाने सक्तीचे करावेत: त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ, तिची उंची, आगाऊ पाहणीची तारीख, आणि बरोबर येणाऱ्या स्थानिक माणसाचे नाव. ज्या अर्जात ओहोटी दुपारी बारा-एकची लिहिलेली असेल आणि उद्देशात ‘किनारी जीवांचा अभ्यास’, तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा. जिल्हा परिषदांनी जूनमध्ये शाळांना वार्षिक नियोजन पाठवताना त्यासोबत नोव्हेंबर ते मार्चमधल्या योग्य ओहोट्यांची यादी जोडावी; एका बंदराचा तक्ता घेऊन बसले तर एका कारकुनाचे ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. एसटीच्या आगारांनीही या तारखांना सकाळी सहाची आणि परतीची रात्री आठची गाडी द्यायची तयारी ठेवावी. सध्या बस मिळते त्या दिवशी सहल निघते, आणि मग समुद्राने आपली वेळ बदलावी अशी अपेक्षा उरते.

आपले,
सागरी जीवशास्त्राचे शिक्षक व किनारा-अभ्यासाचे मार्गदर्शक,
रत्नागिरी